गजरात मंजूर झालेला ठराव

मावशीचा फ्लॅट विकला गेला असं आम्ही धरूनच चाललो होतो. दादरला, हिंदमाताच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घेणारं जोडपं करी रोडच्या चाळीत वाढलेलं, दोघंही नोकरीला. त्यांनी जागा पाहिली, मावशीच्या हातचे पोहे खाल्ले, गॅलरीत उभं राहून सेल्फी काढले आणि त्याच आठवड्यात टोकन दिलं. इकडे मावशीने ठाण्यात लेकीच्याच इमारतीत लिफ्टवाली जागा बघून ठेवली होती. तिच्या गुडघ्यांनी दुसऱ्या मजल्याला केव्हाच नकार दिला होता. ठाण्याचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे एक दिवस नाही.

मग जोडप्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. कारण सरळ होतं. इमारतीखालची जमीन एका ट्रस्टची, सोसायटीकडे ती भाडेपट्ट्याने, आणि पट्ट्याची जेवढी वर्षं उरलीत ती कर्जाच्या वर्षांपेक्षा कमी. कर्ज मिळणार नाही.

“म्हणजे काय गं?” मावशी म्हणाली. “मी ओनरशिपचा फ्लॅट विकतेय ना?”

हा शब्द मी त्या इमारतीत लहानपणापासून ऐकत आलेय. पागडीच्या खोल्यांतून, कंपनीच्या क्वार्टर्समधून निघून इथे आलेली ही सगळी कारकून माणसं. पाहुणा आला की चहाच्या आधी सांगणार, आपली ओनरशिप आहे. खोटं नव्हे ते, पण अर्धंच. भिंती तुमच्या, फरशी तुमची, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावाचं. पण जमीन सोसायटीने भाड्याने घेतलेली, ठरावीक वर्षांसाठी. मुदत संपली की पुढे काय ते जमीनवाला आणि कोर्ट ठरवणार. शिवाय फ्लॅट विकायचा तर जमीनवाल्याची परवानगी काढा, तो मागेल ते शुल्क भरा. वा रे वा! आयुष्यभर हप्ते भरले माणसांनी, आणि परवानगी द्यायला बसलेत हे!

मी लालबागला घरहक्काचं काम करणाऱ्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, वाटते, चाळींच्या जिन्यांत चिकटवते. ‘जमीन राहणाऱ्याची’ हे आमच्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य. त्यामुळे मावशीला समजावता समजावता माझाच आवाज एवढा चढला की शेजारचं दार उघडलं.

“ओरडू नकोस,” मावशी म्हणाली. “उपाय सांग.”

उपाय होता. मूळ करारात पट्टा वाढवून घ्यायची सोय होती. फक्त मुदत संपायच्या आत सोसायटीने ठराव करून मागणी करायची. इतकी वर्षं ती कुणी केली नव्हती, कारण ओनरशिपवाल्यांना पट्टा असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. मला तर एकदम हुरूपच आला. एक ठराव! त्यात काय आहे?

आता त्या इमारतीची रीत सांगायला हवी. सोसायटीची सभा तिथे वेगळी अशी भरतच नाही. श्रावणात गच्चीवर सत्यनारायण असतो, त्या दिवशी झाडून सगळे येतात. आरती झाली की सेक्रेटरी प्रसादाच्या आधी सोसायटीचे विषय घेतात. प्रसाद नंतर असल्यामुळे कुणी उठून जात नाही. रंग काढायचा, टाकी धुवायची, वॉचमन बदलायचा, सगळं वर्षानुवर्षं असंच ठरत आलंय.

तसंच हेही ठरलं. आरती संपली, कापूर अजून जळत होता. सेक्रेटरी सोवळ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, आपला जमिनीचा पट्टा वाढवून घ्यायचाय. वहिनींचं घराचं काम अडलंय, उद्या तुमचंही अडेल. मंजूर आहे ना?” मागून कुणीतरी ओरडलं, “बोला, सत्यनारायण महाराज की...” आणि अख्ख्या गच्चीने “जय!” केलं. झालं. मावशीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मी त्या रात्री शिऱ्याचे तीन द्रोण खाल्ले.

ठराव घेऊन सेक्रेटरी, मावशी आणि मी गिरगावात ट्रस्टच्या वकीलबाईंकडे गेलो. बाईंनी सभेचं इतिवृत्त वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“‘ठराव भगवंताच्या नामघोषात, गजरात मंजूर झाला,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. “गजर म्हणजे किती मतं?”

“सगळ्यांची,” सेक्रेटरी म्हणाले.

“सगळे म्हणजे कोण? सभासद किती होते?”

“सभासद होते, त्यांच्या घरचे होते, माहेरवाशिणी होत्या...”

“भटजी?”

“भटजी होतेच की.”

“त्यांनीही जय म्हटलं?”

सेक्रेटरी जरा विचारात पडले. “त्यांनीच सगळ्यात मोठ्याने म्हटलं.”

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण कागद परत केला. रीतसर नोटीस काढा. विषय लिहून द्या. फक्त सभासद बसवा, मतं मोजा. आणि वाढीव पट्ट्याच्या मसुद्यावर प्रत्येक सभासदाची सही आणा. उद्या कुणी कोर्टात जाऊन मला माहीत नव्हतं म्हटलेलं ट्रस्टला चालणार नाही.

जिना उतरताना मी बडबडतच होते, सरंजामदार कुठले, सह्या मागतात! मावशी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. “बाई बरोबर बोलली,” ती म्हणाली. “मी चाळीस वर्षं ऑफिसात इतिवृत्तं टाइप केलीत. असलं माझ्या साहेबांनी तोंडावर फेकलं असतं.”

नोटीस लागली, मसुदा घरोघर फिरला, सह्या होत गेल्या. एक सोडून. तळमजल्यावरच्या अण्णांनी दार अर्धंच उघडलं.

“पट्टा वाढवा म्हणून सही करू? म्हणजे मी भाडेकरू आहे असं स्वतःच्या हाताने लिहून देऊ? माझा बाप परळच्या चाळीत भाडेकरू म्हणून मेला. मी ओनरशिप घेतलीय.”

“अण्णा, गच्चीवर तुम्हीही जय म्हटलं होतंत,” मी म्हणाले. “पूजेला यजमान तुम्हीच होतात.”

“मी जय देवाची म्हटली. ट्रस्टची नाही!” दार बंद.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मला दुसरं काय येतं? ‘भिंती तुमच्या, जमीन कुणाची?’ असा मथळा. खाली, मुदत संपली तर बँक उभी राहणार नाही, गिऱ्हाईक उभं राहणार नाही, पोरांच्या नावावर काय ठेवणार आहात, वगैरे. सकाळी जिन्यात लावलं. संध्याकाळी अण्णा ते हातात घेऊन मावशीच्या दारात उभे. फाडलेलं नव्हतं, नीट सोडवून आणलेलं.

“वहिनी, ही तुमची भाची आहे ना? हिला विचारा. चार महिन्यांपूर्वी परळ नाक्यावर हिनेच माझ्या हातात एक पत्रक दिलं होतं. त्यात होतं, जमीन राहणाऱ्याची. आणि आता म्हणते, ट्रस्टपुढे सही करा. कुठलं पत्रक खरं, पोरी? तेवढं सांग, मी सही करतो.”

खरं सांगते, मला राग आला आणि त्याच क्षणी आनंदही झाला. माझं पत्रक कुणीतरी वाचलं होतं! शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं आणि मानलंही होतं!

“दोन्ही खरी,” मी म्हणाले.

“वा. इलेक्शनला उभी राहा.”

“अण्णा, ऐका तर. जमीन आपली व्हायला पाहिजे, हे खरंच. पण मुदत संपू दिली तर आपण मागणार कुठल्या पायावर उभं राहून? आधी पाय रोवायला पट्टा वाढवून घ्यायचा, मग जमीन विकत मागायची.”

“आणि सही केली की मी भाडेकरू म्हटल्यासारखंच ना?”

मी तोंड उघडलं, पण मावशीच बोलली. खुर्चीत बसून, गुडघ्याला तेल चोळत. “दोन ठराव करा. एक, पट्टा वाढवायचा, आमचे बाकीचे हक्क राखून. दुसरा, सोसायटीने ट्रस्टकडे जमीन विकत मागायची. एकाच सभेत, एकाखाली एक. दुसरा ठराव अण्णा तुम्ही मांडा.”

अण्णा दारातून आत आले. चप्पल काढायचीही विसरले. “हक्क राखून, असं लिहिता येतं?”

“येतं की. मी किती वेळा टाइप केलंय.”

“पण वहिनी, तुम्ही तर चाललात. तुम्हाला जमिनीचं काय?”

“मला काही नाही. येणाऱ्या पोरांना आहे.”

अण्णांनी कागद मागितला. मावशीच्याच टेबलावर बसून ठराव लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. ‘सदर जमीन’ की ‘सदरहू जमीन’ यावर मावशीशी भांडले आणि हरले. मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मागायला कुणाची ना नाही, द्यायचं की नाही ते ट्रस्ट बघेल, पहिला ठराव नीट असला म्हणजे झालं.

सभा गच्चीवरच झाली, पण चौरंगाशिवाय. मी सभासद नाही, म्हणून मला अण्णांनीच जिन्याच्या दाराबाहेर बसवलं. “भटजींनाही बोलावलेलं नाही,” ते मला म्हणाले. करी रोडचं जोडपंही तिथेच पायरीवर येऊन बसलं. त्यातली मुलगी दाराच्या फटीला डोळा लावून आम्हाला सांगत होती. “हात वर झाले... सेक्रेटरी मोजतायत... अण्णांनी परत मोजायला लावलं... ए, अण्णांचा हात वर आहे! वर आहे!” तिचा नवरा नखं खात होता. पहिला ठराव पास. दुसरा ठराव अण्णांनी उभं राहून वाचला, तो आम्हाला फटीशिवायही ऐकू आला. दोन्ही एकमताने. मग ‘हक्क राखून’ घातलेल्या नव्या मसुद्यावर पुन्हा सगळ्यांच्या सह्या. मावशीने सगळ्यात शेवटी केली, ज्या वर्षांत ती तिथे राहणार नव्हती त्या वर्षांसाठी.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे नुसती पळापळ. ट्रस्टची संमती, विक्रीची परवानगी, बँकेच्या वकिलाचं पुन्हा वाचन. कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा ती मुलगी ड्युटीवर होती, तिने तिथूनच बापाला फोन केला, “जय भीम पप्पा, घर झालं!” हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दिवाळी तोंडावर असताना आम्ही दादरच्या नोंदणी कार्यालयात होतो. मावशी विकणार, ते दोघं घेणार, अण्णा आणि मी साक्षीदार. अंगठे झाले, फोटो झाले. बाहेर फुटपाथवर उसाचा रस मागवला. ती मुलगी बोटांवर हिशेब करत म्हणाली, “मावशी, वाढवलेला पट्टा संपेल तेव्हा मी रिटायर झालेली असेन. तेव्हा पुन्हा हेच सगळं?”

“तेव्हा काय म्हणून?” अण्णा उसळले. “तोवर जमीन घेतलेली असेल आपण. ट्रस्टला पहिलं पत्र गेलंय माझं. दुसरं सोमवारी जाईल. तू सोमवारी मोकळी आहेस का?”

“मी?”

“आता सभासद कोण, वहिनी की तू?”

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशी रसाच्या ग्लासात बघत खुदखुदत होती. “जा बाई,” ती म्हणाली. “माझ्यासाठी तिकडे ठाण्याला मालक किल्ली घेऊन थांबलाय.”

आणि तिने रिक्षासाठी हात केला. दादरला रिक्षा येत नाहीत हे ती आनंदात साफ विसरली होती, आणि आम्ही कुणीच तिला सांगितलं नाही. आम्ही चौघांनी मधल्या मधे धावत जाऊन टॅक्सी अडवली.