पिंपवाले कायपर

अमेरिका कोणी का शोधली असेना, ती उभी राहिली पिंपांवर, असं मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या आमच्या घरमालकांचं ठाम मत होतं. त्यांचं आडनाव कायपर. डच भाषेत कायपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. बिअर, लोणी, खारवलेले मासे, सगळं पिंपात. म्हणून हॉलंडात गावोगावी एखादा कायपर असायचाच, आणि त्यांचीच पोरंबाळं पुढे जहाजात बसून मिशिगनला आली. ही कथा आम्ही भाड्याने राहायला आलो त्याच दिवशी, गळका नळ दुरुस्त करता करता त्यांनी मला ऐकवली. कथा संपली, नळ गळतच राहिला. ही गोष्ट २००४च्या सुमाराची. सत्तरी ओलांडलेले, विधुर, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले हे गृहस्थ शेजारीच राहायचे. प्रवासात मोटेलमध्ये उतरले की आधी टेबलाच्या खणातली टेलिफोन डिरेक्टरी काढायची, त्यातले कायपर शोधायचे आणि फोन लावायचा, "तुमच्या घराण्यात पिंपं कोण करायचं?" आयोवातल्या एका दंतवैद्य बाईंनी घाबरून पोलिसांना कळवलं, तर ह्यांनी आलेल्या पोलिसाचंही आडनाव विचारून घेतलं. गंमत म्हणजे यातले बरेच अनोळखी कायपर पुढे नाताळात ह्यांना आठवणीने कार्ड पाठवायचे.

माझी आई सहा महिने आमच्याकडे आली तेव्हा त्यांना नवा श्रोता मिळाला. आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून दुभाषा मी. एका रविवारी पोह्यांबरोबर सगळं पिंपपुराण ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "अरे, जगातले सगळे सुतार काय एकमेकांचे भाऊ असतात? ह्यांचं सख्खं कोणी आहे का, विचार."

मी विचारलं. घरमालकांनी चमचा बशीत ठेवला.

"धाकटा भाऊ आहे. टोलीडोला." म्हणजे जेमतेम तासाभराचा रस्ता. "फोनवर स्पेलिंग सांगायचा कंटाळा आला असणार. आडनावाचं कूपर करून घेतलं. इंग्रजीतला पिंपवाला! तेही वडील गेले त्याच वर्षी. तेव्हापासून मी बोललेलो नाही त्याच्याशी."

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "लग्नानंतर माझ्या बहिणीचंही आडनाव बदललं. म्हणून काय ती माझी बहीण राहिली नाही?"

मी ते जरा मऊ करून त्यांच्यापर्यंत पोचवलं. ते अर्धे पोहे तसेच टाकून उठून गेले. आपण नको ते बोललो म्हणून आई दिवसभर हळहळत होती. पण पुढच्या शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "तू ड्राइव्ह करशील? माझे हात आज धड नाहीत."

टोलीडोला दार भावानेच उघडलं. नाक हुबेहूब तेच, केस मात्र भरपूर. "काय झालं? कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"कोणी नाही," घरमालक म्हणाले. "सहज आलो."

स्वयंपाकघरात कॉफी झाली. थंडी किती, बर्फ किती, हेही बोलून संपलं. मग धाकट्यानेच विषय काढला. "जो तो कायपर, कायपर म्हणायचा, ते मला ऐकवेना. बाबा असं म्हणायचे का?" आणि त्याने ते आडनाव उच्चारलं. त्यात 'काय' नव्हतं, 'काउ'ही नव्हतं; ओठ गोल करून काढलेला मधलाच कुठलातरी स्वर होता. "मोडकं ऐकण्यापेक्षा दुसरंच घेतलेलं बरं, असं वाटलं मला."

घरमालकांनी कप खाली ठेवला. "पुन्हा म्हण," ते म्हणाले.

त्याने पुन्हा म्हटलं.

परतताना फ्रीवेवर ते पिंपांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. खिडकीकडे तोंड करून ओठ गोल करत होते. मधूनच एक बारीकसा आवाज यायचा, हा तो नव्हे हे त्यांचं त्यांनाच कळायचं, आणि ते पुन्हा सुरुवात करायचे. मी गाडी जरा सावकाशच चालवली.