सोफा बाहेरच राहिला

लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हा माझा धंदा. "ताई, जागा असतेच, फक्त नजर हवी," असं मी गिऱ्हाइकांना ठासून सांगते. मुलुंडच्या आमच्या वन रूम किचनमध्ये मात्र माझी अक्कल चालत नव्हती.

हॉलमध्ये पाचजणांचा सोफा, काचेचं टीपॉय, टीव्हीचं कपाट. उरलेल्या फटीतून आम्ही आडवे चालायचो. साडेतीन वर्षांच्या लेकीला खेळायला जागा एकच, खिडकीबाहेर काढलेली पेटीसारखी ग्रिल. कुंड्या सरकवून ती तिथे भातुकली मांडायची. चौथा मजला आणि दोन गज गंजलेले. कडी लावली तर स्टूल ओढून काढायची. ऑफिसात बसल्या जागी मला धडकी भरायची. घरी ती क्षणभर दिसली नाही, की मी आधी खिडकीकडे धावायचे.

"बाबा, सोफा काढूया ना," मी सासऱ्यांना शंभरदा म्हटलं असेल.

"पावणे इले तर बसतले खंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाहुणे यायचे वर्षातून दोनदा, तेही चहा पिऊन पळायचे. मी मनातल्या मनात चरफडायचे.

गणपतीत मात्र मखरासाठी सासरे स्वतःच सोफा बाहेर पॅसेजमध्ये काढतात. यंदाही काढला. दीड दिवसाने विसर्जन करून आलो, आरती झाली, मखर सोडलं. चहा टाकून मी हॉलमध्ये आले तर लेकीचा आवाज येईना. सवयीने खिडकीकडे धावले. ग्रिल रिकामी.

ती माझ्या मागेच होती. मखराच्या मोकळ्या जागेत पालथी पडून, चूल, कप, बाहुली असा सगळा संसार थाटून खेळत. पहिल्यांदाच हात-पाय पसरून. मला रडूच आलं.

सासरे दारात उभे होते. ते पॅसेजकडे वळले. आता आणतात आत! पण त्यांनी सोफ्यावर जुनी चादर टाकली नि परत आले.

"सोफो भायरच रवांदे," म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात तो गेला सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनशेजारच्या शेडमध्ये. ग्रिलमध्ये आता फक्त तुळस आहे, नि डबा खाताना माझा घास सुखाने उतरतो.

गेल्या रविवारी बाजारातून आले, तर बिल्डिंगमधली तीन पोरं लेकीसोबत फरशीवर गोल करून बसलेली. सासरे त्यांच्या खोट्या कपांत खरा चहा ओतत होते. मला बघून म्हणाले, "बघ गो, पावणे इले. बसले मां खाली!"