पहिलं कालव

जना गेली तेव्हा मी इस्पितळात नळावर हात धूत होतो. नर्सबाईनं आदल्या दिवशी दरडावलं होतं, "आजोबा, आजीला हात लावला, तिचं शौचाचं भांडं उचललं की साबणानं धुवायचं. अंगठे, नखं, सगळं." म्हणून घासत होतो. मागनं सून आली, शकू. तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. नळ मी बंद केला न्हाय. त्याला आता दीड महिना झाला.

जना माझी बायको, पण गावाला ती खडपावरची बाई म्हणूनच ठाऊक. काशीदच्या अलीकडं आमचं गाव. ओहोटी लागली की पाण्याखालचा काळा कातळ, आमचं खडप, उघडं पडतं आणि बाया कालवं फोडायला उतरतात. जना टोकदार लोखंडी हातोडी घेऊन बसली की वाटायचं, कुणाची तरी कवटीच फोडतेय. कालवाचा शिंपला दगडाला असा घट्ट असतो की दया केलीत तर तुमचंच बोट कापतं. तिची बोटं वणांनी भरलेली. एकदा मी म्हटलं, "जने, हळू मार." तर म्हणाली, "अहो, हळू मारून संसार होतो, कालव न्हाय निघत." तिची एक रीत होती, आईकडून आलेली. नव्या दगडावरचं पहिलं कालव कच्चंच तोंडात टाकायचं. गोड लागलं तर तो दगड फोडायचा, कडवट लागलं तर पुढं सरकायचं. बाकीची घरी शिजायची, पण पहिलं जिभेवर.

पावसाळा सरल्यावर ती अशीच खडपावर गेली आणि महिन्याभरानं आजारी पडली. आधी ताप, मग मळमळ. जी बाई सुक्या बोंबलाच्या वासावर दोन भाकऱ्या जास्त खायची, ती मासळी बघून ओकायला लागली. मग लघवी काळ्या चहासारखी, आणि एका सकाळी डोळे हळदीचे. गावात अजून दोन घरांत तेच. शकू म्हणाली, "मामा, डॉक्टरकडं नेऊ." मी म्हटलं, कावीळ डॉक्टर न्हाय उतरवत, डाग उतरवतो. माझ्या बापाची तशीच उतरली होती.

डाग देणारा आला. चुलीत सळई लाल केली. जनाचे दोन्ही हात मी धरले, कारण ती झटकायला लागली. ती मला म्हणाली, "लग्नात इतका घट्ट न्हवतात धरला." मग मनगटावर सळई टेकली. कातडीचा वास घरभर झाला आणि ती अशी ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी सोडलं न्हाय. दुसऱ्या मनगटालाही दिला. वर त्यानं कसलीशी मुळी दिली, रोज उपाशीपोटी उगाळून. पाच दिवस मी स्वतः उगाळून पाजली. पाचव्या दिवशी ती मला बाबा म्हणायला लागली, दिवसाढवळ्या झोपायला लागली, तेव्हा मी खुशीत म्हणालो, गुण येतोय, झोप लागतेय.

शेवटी शकूनंच तिला इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टरीणबाईनं जनाची मनगटं बघितली आणि माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. म्हणाली, हा हिपॅटायटिस ए. आजारी माणसाच्या शौचातून पाण्यात जातो, पाण्यातून, हातातून, अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात. डोळे पिवळे व्हायच्या आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देत असतो. आपल्याकडं बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. हिचा राहून गेला असणार, आणि या वयात झाला की लिव्हरला झेपत नाही. औषध असं नाही, आराम आणि लक्ष. "पण बडबडायला लागली, गुंगी आली की त्याच घडीला आणायचं होतं, बाबा. आणि त्या मुळीनं लिव्हरला काय केलं असेल देव जाणे." मी विचारलं, कालवानं झालं का? ती म्हणाली, खात्रीनं कोण सांगणार, पण कालव दिवसभर पाणी गाळत बसतं, पाण्यातली घाण त्याच्या पोटात साठते, आणि कच्चं खाल्लं की सगळी तुमच्या पोटात. शकूला आणि नातीला तिनं लगेच लस टोचली.

तेराव्यानंतर मी जनाची हातोडी घेतली आणि खडपावर गेलो. किनाऱ्यावर शहरी पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या झाल्यात, त्यांच्या संडासाचा पाईप खडपाच्या तोंडाशी सोडलाय. मी वरच्या अंगाला, त्यांच्या हिरवळीत, तो पाईप फोडला. हात सोलले तरी फोडत राहिलो. घाण गवतावर पसरली. मॅनेजर धावत आला, "काका, हे काय करताय?" मी म्हटलं, "तुझ्या पाहुण्यांचं तुला परत देतोय." हातोडी मी उगारली होती. खरं सांगतो, मारलीही असती. तर तो पोरगेलासा माणूस मागं सरत म्हणाला, "आणि पहाटे खडपावर तुमचं गाव बसतं, ते कुणाला परत देऊ?"

माझा हात खाली आला. मीही बसलोय तिथं... घरात संडास झाल्यावरसुद्धा, सवय म्हणून. त्याच पाण्यात जनाची कालवं.

खोल्यावाल्यांनी आता संडासाची टाकी बांधायला काढलीय. मी पहाटे काठी घेऊन खडपावर उभा असतो, बसायला येणाऱ्यांना हाकलतो, शिव्या खातो, देतो. मागच्या ओहोटीला शकू खुंटीवरची हातोडी घेऊन निघाली. मी तिला पार टोकाच्या खडपावर नेली, पाईपापासून आणि गावापासून लांब. म्हटलं, "पहिलं तोंडात टाकलंस तर ह्याच हातोडीनं दात पाडीन."

"मग दगड कळायचा कसा, मामा?"

"न्हाय कळला तर न्हाय. सगळी घरी ने, खळखळ उकळ."

तिनं पहिलं फोडलं, क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि टोपलीत टाकलं. हातोडीच्या दांड्याला जनाच्या अंगठ्यानं खळगा पडलाय. शकूचा अंगठा त्यात बसत न्हाय, म्हणून ती वर धरते, आणि घाव हलका पडतो. चार-पाच घाव मी ऐकले.

"जोरात मार," मी म्हटलं.