एकोणपन्नास गावं कुठं गेली

दिपालीच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. सोलापुरात कॉलेजला आल्यावर वर्गातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मिश्री लावतेस का गं?" तेव्हापासून तिनं ओठ मिटून हसायची सवय लावून घेतली. मंगळवेढ्याच्या पुढं, मेंढरं राखणाऱ्यांच्या ज्या वस्तीवर ती वाढली, तिथं सगळ्यांचेच दात तसे. आई केराबाईचे गुडघे चाळिशीतच आखडले, तेही मेंढरांमागं चालून चालून, असंच सगळे म्हणायचे.

संख्याशास्त्र शिकून ती 'दैनिक माळरान'मध्ये लागली. सरकारी संकेतस्थळांवरचे आकडे उतरवायचे, ताडून बघायचे आणि त्यातून बातमी काढायची, हे तिचं काम. संपादक इंद्रजीत चारचौघांत तिला मोठ्या अभिमानानं "आमची डेटावाली" म्हणत आणि तिची बातमी राशिभविष्याच्या खाली टाकत.

एके दिवशी पाण्याचं बघणाऱ्या एका खात्याच्या संकेतस्थळावर तिला गावोगावच्या हापशांचे तपासणी अहवाल सापडले. तिनं सहज आपलं गाव शोधलं. दात पिवळे-तपकिरी करणाऱ्या, हाडं आखडवणाऱ्या फ्लोराइडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम, गावच्या हापशाचा आकडा तीन पूर्णांक दोन. रांग लाल रंगात. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

ती बराच वेळ त्या तारखेकडं बघत राहिली. म्हणजे कुणीतरी बाटली भरून नेली होती, तपासली होती, रांगेला लाल रंगही दिला होता, आणि मग डबा खायला उठून गेला होता. गावाला सांगायचं राहून गेलं, असंही नव्हतं. ते कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

तिनं घरी फोन लावला. "आये, हापशाचं पाणी पिऊ नगंस."

"मग काय पिऊ? हापशाला काय झालंय? लई गार पाणी हाय की."

त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला ती ते पान आपल्या कॉम्प्युटरात उतरवून ठेवू लागली. पहिल्या महिन्यात लाल गावं अठ्ठावन्न होती. दुसऱ्या महिन्यात एकतीस. तिसऱ्यात नऊ. पाणी कुठंच सुधारलं नव्हतं. सुधारलं असतं तर आकडे बदलले असते. इथं गावांच्या रांगाच उडवल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या खात्यानं इतकं झपाट्यानं केलेलं हे एकच काम असावं.

मग खात्यानं पत्रकार परिषद घेतली. बापूसाहेब घाडगे नावाचे अधिकारी कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते. "आपल्याकडं आता केवळ नऊ गावं बाधित आहेत," त्यांनी सांगितलं. पत्रकारांनी ते लिहून घेतलं आणि भज्यांच्या ताटलीकडं वळले.

दिपाली उठली. "तीन महिन्यांपूर्वी अठ्ठावन्न होती. बाकीच्या एकोणपन्नास गावांचं पाणी परत कधी तपासलं?"

"मॅडम, साईट अपडेट होतीय."

"मी पाण्याचं विचारतेय, साईटचं नाही."

बापूसाहेब हसले. "अशी अठ्ठावन्न गावांची कुठलीही यादी नव्हती. तुम्ही नवीन आहात का?"

दुसऱ्या दिवशी ते पानच संकेतस्थळावरून गेलं.

इंद्रजीतनी बातमी अडवली. "पान कुठंय आता? पुरावा काय?"

"मी उतरवून ठेवलंय, सर. तारखेसकट."

"तुझ्या कॉम्प्युटरातलं तुझं झालं. सरकारचं कसं म्हणायचं?" एवढं बोलून ते चष्मा पुसत बसले. हा माणूस घाबरलाय हे तिला दिसत होतं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही, किळस आली.

तिनं माहिती अधिकारात अर्ज टाकला. तिसाव्या दिवशी उत्तर आलं : "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." खाली तीन सह्या आणि गोल शिक्का. काहीच नाही हे सांगायला तीन माणसं लागली होती.

मग तिनं यादी छापून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावं धरली. हापशापाशी उभं राहून ती आकडा वाचून दाखवायची. काही ठिकाणी लोकांनी ऐकलं. एका सरपंचानं तिला, "गावाची बदनामी करता का?" म्हणून वाटेला लावलं. आपल्या वस्तीवर तिनं कागद हापशालाच चिकटवला. केराबाईनं विचारलं, "ह्ये त्यास्नी ठावं हुतं व्हय?"

"व्हय. सहा वर्सं."

केराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घागर रिकामीच घेऊन घरात गेली.

दोन महिन्यांनी बापूसाहेबांचाच फोन आला. कार्यालयात गेल्यावर तिला खुर्ची मिळाली, बशीसकट चहा मिळाला. वरून पत्र आलं होतं. बाधित गावांना शुद्धीकरण यंत्रं द्यायची, त्यासाठी जुने गाववार आकडे हवेत. संगणकातले खात्यानंच पुसले होते आणि मूळ कागद रद्दीत घातले होते.

"तुमच्याकडं आहे ते जरा पेन ड्राइव्हवर द्या की," बापूसाहेब म्हणाले.

"काय आहे माझ्याकडं?"

"ती... यादी."

"अशी यादीच नव्हती ना?"

"ताई, माझी अडचण समजून घ्या." मॅडमची ताई झाली होती.

"लेखी मागा."

"तोंडी नाही का चालणार?"

"तुमच्याकडं तोंडी काय चालतं?"

तिनं मजकूर सांगितला : आमच्या कार्यालयानं तपासलेल्या अठ्ठावन्न बाधित गावांची यादी आम्ही संकेतस्थळावरून काढून टाकली असून तिची प्रत आमच्याकडं नाही, तरी ती मिळावी. बापूसाहेबांचं पेन 'काढून टाकली'वर अडलं. "'तांत्रिक कारणास्तव उपलब्ध होत नसून' असं लिहू या का?" दिपालीनं पिशवी खांद्याला लावली. तेव्हा त्यांनी लिहिलं. जावक क्रमांक घालून शिक्का मारेपर्यंत ती समोर बसून राहिली, आणि मगच पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पत्र जसंच्या तसं पहिल्या पानावर छापून आलं. शेजारी इंद्रजीतचा अग्रलेख होता, निर्भीड पत्रकारितेवर. दिपालीनं तो वाचला नाही.

यादी संकेतस्थळावर परत आली, वाकडी स्कॅन केलेली, पण अठ्ठावन्न गावांची. पाणी पिऊ नये म्हणून हापशांवर लाल रंग चढला. आठ महिन्यांनी वस्तीवरच्या शाळेशेजारी यंत्र बसलं. बापूसाहेबांना बढती मिळाली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना कुणीतरी त्यांच्या पारदर्शक कारभाराचं कौतुक केलं. त्याची बातमी करायला दिपालीलाच पाठवलं होतं. तिनं वक्त्याचं वाक्य आहे तसं टिपलं आणि बातमीत त्याखाली त्या पत्राचा जावक क्रमांक दिला. इंद्रजीतनी तो कापला.

केराबाईचे गुडघे काही सरळ झाले नाहीत. तिनं तशी आशाही धरली नव्हती.

दिपाली आता बारा खात्यांची पानं उतरवून ठेवते. परवा दुसऱ्याच एका कार्यालयातून कुणी कारकून फोनवर अगदी हळू आवाजात विचारत होता, "आमचंही काही असेल का हो तुमच्याकडं?" त्याच्या खात्याचं पान त्याच सकाळी गायब झाल्याचं तिनं बघितलं होतं. "बघते," ती म्हणाली, आणि त्याचं नाव, हुद्दा आणि वेळ लिहून घेतली.