निकाल सांगू नये

निमगाव केतकीजवळ रस्त्याला एका टायरवाल्याचं दुकान आहे. स्पेनमधल्या एका फुटबॉल क्लबवर त्याचा फार जीव. ऊसतोडीच्या दिवसांत रात्रभर ट्रॉल्यांचे टायर काढायचे, म्हणून तो रात्रीची मॅच सकाळी मोबाइलवर बघायचा. तोवर काही कानावर पडू नये म्हणून दारावर खडूनं लिहिलेलं, 'मॅचचा निकाल सांगू नये.' ट्रॅक्टरवालेही ते पाळायचे.

मी पाळलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझी मोटरसायकल तिथं पंक्चर झाली. तो म्हणाला, "जरा थांबा पाव्हणं, हाफटाइम हुं द्या." मला बारामतीला जायची घाई. चिडून मी फोनवर निकाल शोधला आणि मुद्दाम सांगितला, "तीन-एकनं हरलेत तुमचे." त्यानं मोबाइल पालथा ठेवला, हात पुसले आणि पंक्चर काढलं, गरजेपेक्षा जास्त नीट. त्यानंतर मी तो रस्ताच टाळत आलो.

परवा धीर करून गेलो आणि तेव्हा निकाल मुद्दाम सांगितला होता, हे सांगून टाकलं.

"तुमी व्हय ते!" तो हसला. "राग लई आलता. पण तुमी गेल्यावर उरलेली मॅच बघितली. हरणार म्हाईत हाय म्हटल्यावर धाकधूक न्हाय, काय न्हाय. पयल्यांदा पोरांचा खेळ निवांत बघितला."

मला एकदम हलकं वाटलं. त्यानं बाकावर सरकून जागा केली, मॅच चालू असलेला मोबाइल दोघांच्या मधे धरला. त्याच्या टीमचा गोल झाला, तेव्हा त्याच्याआधी मीच उठून ओरडलो.