भिंतीच्या अलीकडची गळती

औसा रोडच्या मागच्या त्या गल्लीत बोअर एकच, आणि त्या बोअरवर शब्द चालतो तो महानंदाचा. तिला कुणी निवडून दिलेलं नाही. टँकरवाला अर्धंच पाणी सोडून पळायला निघाला तेव्हा ती त्याच्या चाकापुढं बसली होती. तेव्हापासून गल्ली तिला ताई म्हणते. उन्हाळ्यात पाळ्या लावणार ती, आणि नियमही तिचाच: ज्याच्या दारात पाणी वाया जाताना दिसलं त्याची एक पाळी बंद. तिनं सख्ख्या जावेलाही सोडलं नव्हतं.

अशा बाईला नांदेडच्या भावानं आपलं पाणी शुद्ध करायचं जुनं मशीन दिलं. बोअरचं पाणी जड, नवरा किशनराव मुतखड्यानं आडवा होऊन उठलेला. मशीन बसवायला फिटर आला, पण तिच्याकडं न बघताच म्हणाला, "साहेब कुठं हायत? लाइन कुठून घ्यायची ते त्यांनाच इचारतो. बायांना त्यातलं कळत न्हाई."

"मग बाईच्या घरचा चहा बी पिऊ नकोस. निघ," महानंदा म्हणाली आणि तिनं त्याला पायऱ्या उतरवल्या.

"आता?" किशनरावनं विचारलं.

"आता मी हाय की."

"मोर्चा काढशील गं तू. नळ कसा जोडशील?"

हे तिला लागलं. मोबाइलवर व्हिडिओ लावून तिनं स्वतःच ओट्यामागच्या भिंतीला भोकं पाडली, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, नळ्या खोचल्या. पाणी सोडलं की जोडातून थेंब. मग तिनं बोअरचे लोखंडी पाइप आवळायचा मोठा पाना काढला. थेंब दिसला की आवळ, पुन्हा दिसला की आणखी आवळ. लोखंडाला तिच्या मनगटाची सवय होती, प्लॅस्टिकच्या नटाला नव्हती. शेवटी समोरून सगळं कोरडं झालं. तिनं किशनरावपुढं जोडावरून बोट फिरवून दाखवलं. तो मुकाट्यानं ग्लासभर पाणी प्याला. तिला तेवढं पुरलं. मशीनमधून सुटणारं खारं पाणीसुद्धा ती बादलीत धरायची आणि भांड्यांना वापरायची. वाया म्हणून थेंब जाऊ द्यायची नाही.

थोड्या दिवसांत शेजारच्या गुरम्माच्या मोरीच्या तोंडाशी गटार ओली दिसायला लागली. दोन्ही घरांची ती भिंत एकच. गुरम्मा निलंग्याकडची, वयस्कर. तिचा नवरा धोंडप्पा जन्मभर गवंडीकाम केलेला. महानंदानं बोअरवर, सगळ्यांच्या देखत विषय काढला.

"गुरम्माकाकू, तुमची मोरी रात्रंदिवस वाहायलीय."

"अव्वा! आमचा नळ तर बंद हाय, महानंदा. येऊन बघ की."

"बघायचं काय त्यात? गटार ओली कुणाच्या दारात हाय? तुमची आजची पाळी बंद."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, "घर गवंड्याचं अन् मोरी गळकी!"

गुरम्मानं रिकाम्या घागरी उचलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन महानंदाच्या दारात उभी राहिली. "मालकांच्या लिंगपूजेपुरतं दे गं. घरात थेंब न्हाई."

महानंदानं मशीनची तोटी सोडून तांब्या भरला. "घ्या, एकदम शुद्ध हाय. पर काकू, आधी आपल्या घरचं गळणं बंद करावं माणसानं."

गुरम्मा मान खाली घालून गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून छन्नी-हातोड्याचा आवाज यायला लागला.

"बघा, लागले कामाला," महानंदा किशनरावला म्हणाली. "बोलल्याबगर लोक हालतच न्हाईत. अन् तुम्ही बी अंघोळीला बसता का तळ्यात उतरता? वरची टाकी रोज लवकर रिकामी व्हायली."

हातोड्याच्या हादऱ्यानं ओट्यावरची सांडशी मागच्या फटीत पडली. ती काढायला महानंदा गुडघ्यावर बसली, हात आत घातला, तर हाताला चिखल लागला. तिनं मोबाइलचा उजेड धरला. मशीनच्या जोडाचा नट मागच्या बाजूनं, भिंतीकडून, उभा तडकला होता. केसाएवढी चीर. तिथून पाणी नळीवरून भिंतीवर, भिंतीवरून पायथ्याला आणि पायथ्यापायथ्यानं पलीकडं, गुरम्माच्या गटारीत.

पलीकडं ठक, ठक चालूच होतं.

मग तिनं कॉक बंद केला. दुकानातून नवा नट आणला, नळीचं टोक ब्लेडनं सरळ कापलं, आतपर्यंत नीट बसवलं आणि नट फक्त हातानं आवळला. पाना लांब ठेवला. खाली पेपर पसरला. संध्याकाळपर्यंत पेपर कोरडा राहिला.

"काय झालं व्हतं?" किशनरावनं विचारलं.

"कुठं काय," ती म्हणाली.

गटार सुकली. पुढच्या पाळीला बायका म्हणाल्या, "ताईनं पाळी बंद केली की कशी सुकली बघा!" महानंदाच्या हातात बोअरचा पाइप होता. गप्प राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. रांगेच्या शेवटी उभी असलेली गुरम्मा मान हलवत म्हणाली, "हाव बाई, आमचंच चुकलं असंल कुठं तरी. महानंदा उगं बोलणार न्हाई."

"न्हाई," महानंदा म्हणाली.

"काय, ताई?"

"पाणी माझं व्हतं. माझ्या मशीनचं. मीच बसवलं, मीच फोडलं." तिनं आपल्या घागरी उचलून बाजूला ठेवल्या. "माझी पाळी बंद."

"ते तुझं तू बघ," गुरम्मा म्हणाली. "मला नगो सांगू. मालकांना सांग जा. कंबर धरलीय त्यांची."

महानंदा गेली तेव्हा धोंडप्पा मोरीच्या उंबऱ्यात टेकून बसला होता. मोरीची फरशी सगळी उखडलेली, खाली माती कोरडी ठाक. गळती सापडली नाही म्हणून तो आणखी आणखी खोल गेला होता. महानंदानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं त्या खड्ड्याकडं बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजी मोरी माझी चांगलीच व्हती म्हण की, माय?"

"हाव, काका."

त्यानं शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तो मात्र दाराकडं तोंड करून बोअरवरच्या बायकोला हाका मारायला लागला, "ऐकलं का गं? मोरी चांगली व्हती! गळत नव्हती!"

महानंदा खाली बसली आणि फरशीचे तुकडे गोळा करायला लागली. तेवढ्यानं काही मोरी जोडली जाणार नव्हती. पण मान वर न करायला तिला काहीतरी निमित्त पाहिजे होतं.