मडमेचं कपाळ

आमच्या घरात एक गोरी बाई आहे. माझे खापरपणजोबा संस्थानच्या पलटणीत होते. कुणा साहेबाचा बंगला रिकामा झाला तेव्हा हे तैलचित्र त्यांच्या वाट्याला आलं, एवढंच आम्हाला ठाऊक. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली वीस-बावीस वर्षांची मुलगी, पांढरा झगा, मान किंचित वळलेली, हातात मिटलेलं पुस्तक. घरात तिला मडम म्हणतात.

मडमेला कुंकू लावायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे. घरातल्या पोरीचं कपाळ मोकळं नको, एवढाच त्यामागचा विचार असावा. आई लग्न होऊन आली आणि ते काम तिच्याकडे आलं. रोज पूजा आटपली की आधी मेणाचं बोट, मग कुंकू. बाबा गेल्यावर आईने स्वतःचं कुंकू बंद केलं. मी भांडले, रडले, ती ऐकेना. मडमेचं मात्र एक दिवस चुकवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आई विसरायला लागली, तेव्हा तिला तरसालीच्या जुन्या घरातून सुभानपुऱ्यात माझ्याकडे आणलं. सोबत मडम आलीच. आई मला बहुतेक वेळा वहिनी समजते. पण आंघोळ झाली की मेणाची डबी मागायची, आणि बोट अचूक त्या कपाळावर जायचं. तेवढी पाच मिनिटं ती माझी जुनी आई असायची.

आणि मला अवदसा आठवली. चित्र काळवंडलं होतं, म्हटलं आईच्या वाढदिवसाला लख्ख करून आणू. चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका गुजराती भाईंना चिरा दाखवल्या, उडालेला रंग दाखवला. कुंकवाचं सांगायचं राहिलं. जन्मापासून बघत आलेले, मला ते चित्रातलंच वाटत होतं.

चित्र परत देताना ते खुशीत म्हणाले, "बेन, कपाळ पर बहु मेल हतो. बधो काढी नाख्यो."

मळ समजून त्यांनी कपाळावरचं सगळं कुंकूच काढून टाकलं होतं. तरी वाटलं, काय बिघडतंय, आई उद्या पुन्हा लावेल.

घरी चित्र टांगलं. आई जवळ गेली, त्या गोऱ्यापान कपाळाकडे बराच वेळ बघत राहिली.

"हिचे यजमान कधी गेले?"

"कुणी गेलं नाही आई. मीच साफ करायला दिलं होतं. हे घे, लाव." मी डबी पुढे केली.

तिने माझं मनगट धरलं. "नको. आता नाही लावायचं तिला. केवढीशी आहे गं."

मी समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. बाबा गेले तेव्हा जे जे बोलले होते तेच सगळं पुन्हा बोलले, आणि तसंच वाया गेलं. त्या दिवसापासून आईने डबी मागितली नाही. चित्रासमोर खुर्ची ओढून बसते, आणि रोज नव्याने विचारते, हिचे यजमान कधी गेले.

काल ती आंघोळीला गेली असताना मी गुपचूप मेण लावलं, वर कुंकू टेकवलं. आई बाहेर आली, थबकली. मग पदराचं टोक ओलं करून तिने ते हलक्या हाताने पुसून काढलं.

"रागावू नका तिला," ती मला म्हणाली. "सवय मोडायला वेळ लागतो, वहिनी. मलाही लागला."